अप्पा म्हणाले, वाढव

९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

इतके दिवस उत्तर दिलं नाही, त्याबद्दल माफ कर. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. दुपारभर दुकानात माशा मारण्यापलीकडे मला काम नसतं. उत्तर काय द्यायचं तेच ठरत नव्हतं. फोन का उचलत नाहीस, असं तू विचारलंयस. फोनवर आपण दोघंही लगेच वकील होतो. कागदावर निदान मला माझं वाक्य खोडता येतं. या पत्रातही खोडलेलं दिसेल. ते उजेडात धरून वाचायचा प्रयत्न करू नकोस.

आधी अप्पांविषयी. झटक्यानंतर दवाखान्यातून घरी आणल्याला महिना उलटून गेला. चेहरा बराच सरळ झालाय. उजवा हात मात्र दुसऱ्या कुणाचा तरी मांडीवर ठेवायला दिल्यासारखा पडून असतो. जेवतात. झोपतात. बोलणं गेलं ते गेलंच. तीन शब्द उरलेत: 'हो', 'अगं' आणि 'वाढव'. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर तोंडात बसलेले शब्द असे कधीकधी मागे राहतात. 'अगं' आईचा असणार, ती नाही म्हणून मी तो आपला तिच्या वतीने घेते. 'हो' गिऱ्हाइकांचा. आणि 'वाढव'विषयीच मला तुला लिहायचंय.

त्या रविवारी मी फोन अप्पांच्या कानाला लावून दिला आणि स्वयंपाकघरात गेले. तू त्यांना तुझी योजना सांगितलीस. तुमच्या कंपनीचं छोटं दुकान आपल्या जागेत, शेजारचा, आपण टेलरमास्तरांना भाड्याने दिलेला गाळा रिकामा करून मधली भिंत पाडायची, पाटी तुमची आणि गल्ल्यावर मी. आणि अप्पा म्हणाले, 'वाढव'. पुन्हा म्हणाले, 'वाढव'. तुला रडू आलं असं तू लिहिलंयस. इतक्या वर्षांनी बाप तोंड उघडून बोलला आणि बोलला तो आशीर्वाद. तू ऑफिसात सांगूनही मोकळा झालास, की मालक तयार आहेत, मार्चअखेर सह्या होतील.

अरे, पण तू याच घरात मोठा झालास ना? आपलं दुकान कधी 'बंद' झालंय का? संध्याकाळी अप्पा चष्मा कपाळावर चढवून काय म्हणायचे? 'चला, वाढवा आता.' मग शटर खाली यायचं. एकदा तू लहानपणी 'दुकान बंद झालं' असं कुणाला तरी ओरडून सांगितलंस, तेव्हा त्यांनी तुझा कान धरला होता. तुझ्या ऑफिसात या शब्दाचा एकच अर्थ असेल. अप्पांच्या तोंडी त्याचा अर्थ कुलूप असा आहे.

निदान मला तसं वाटतं. मला तसं वाटतं, एवढंच खरं तर मी खात्रीने सांगू शकते.

तुझी,
ताई

२२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर बोचलं. 'ताई, तू नेहमी अप्पांच्या तोंडून तुला हवं तेच वदवून घेतेस.' हे वाक्य मी दिवसभर दुकानात बरोबर घेऊन बसले होते. खोटं आहे असं म्हणता येईना.

मला काय हवंय? हे कुणी विचारलेलं नाही, पण तू जवळजवळ विचारलंस म्हणून सांगते. मला हे दुकान वाढवून हवंय, म्हणजे अप्पांच्या अर्थाने. सकाळी शटर वर ढकलतानाच मी ते खाली ओढायची वेळ मोजायला लागते. आणि ते वाढवायला मला अप्पांनी सांगायला हवंय, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर 'वडिलांची इच्छा' म्हणता येईल. तुलाही तेच हवंय, फक्त उलट्या दिशेने. आपण दोघं एकाच म्हाताऱ्याच्या एका शब्दाला दोन बाजूंनी ओढतोय.

दुकानाची हालत तुला माहीत नाही, तू बघितलेलं नाहीस. चौकात तुमचं मोठं दुकान झालं, ती जागा तू शोधून दिलीस हे अप्पांना कळलं, आणि ते तुला म्हणाले, 'आता यायचं तर गिऱ्हाईक म्हणून ये, पुढच्या दाराने.' त्यानंतर तू कुठल्याच दाराने आला नाहीस. तेव्हापासून आपलं दुकान हळूहळू विसरलेल्या वस्तूंचं दुकान झालं. महिन्याचं सामान लोक चौकातून भरतात. मीठ राहिलं, काडेपेटी राहिली, घड्याळाचा सेल राहिला, की आपल्याकडे. येतात तेही ओशाळल्यासारखे, मोठ्या दुकानाची पिशवी पायामागे लपवून. मास्तर परवा म्हणाले, 'ताई, लोक जे विसरतात ते तुमच्याकडे, जे फाटतं ते माझ्याकडे. दुनिया नीट वागायला लागली तर आपण दोघं उपाशी.' मास्तरांचा आवाज तुला आठवत असेल. जन्मभर मशिनच्या खडखडाटावर बोलत आल्यामुळे हळू म्हणून त्यांना बोलताच येत नाही. भिंतीपलीकडून सुद्धा ते माझ्या कानात बोलतात. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. भिंतीबद्दल.

काल मी तुमच्या मोठ्या दुकानात गेले. पहिल्यांदाच. तू पत्रात 'बदलती परिस्थिती' असं लिहिलंयस, ती बघायला. आत थंडगार हवा आणि बारीक संगीत. कपाटं भरलेली वाटली. मग जवळ जाऊन बघितलं, तर साबणाच्या वड्यांची एकच ओळ, पुढे कडेला ओढून लावलेली. मागे हात घातला तर कोपरापर्यंत पोकळी. हे मी ओळखलं कारण ते मी रोज करते. अप्पांनी शिकवलंय, माल कमी असला की कडेला ओढायचा, गिऱ्हाइकाला तळ दिसू द्यायचा नाही. दारातला रखवालदार पिशवी तपासायला थांबला. माझ्याकडे पिशवीच नव्हती. म्हणाला, 'घ्या काहीतरी बाई, जूनपर्यंतच आहे हे. नंतर माझीही शिट्टी परत.' लोक आता घरबसल्या फोनवरून मागवतात म्हणे, दारात आणून मिळतं.

मला आनंद व्हायला हवा होता. कपाटामागच्या त्या पोकळीत माझा हात होता तेव्हा मला तुझी आठवण झाली. ही जागा तू शोधलेली. तुझ्या पत्राच्या शेवटी लहान अक्षरात आहे, 'माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं आहे.' ते का, हे आता मला कळलं. मोठं दुकान बुडालं, आता तुला छोटं उभं करून दाखवायचंय.

हे कळल्यावर तुला नाही म्हणणं सोपं झालं नाही.

ताई

६ मार्च

प्रिय धाकट्या,

तू म्हणालास, अप्पांनाच विचार. विचारलं.

आधी बोलण्याच्या उपचाराला येणाऱ्या बाईंचं सांगते. तरुण आहेत, मऊ बोलतात, आठवड्याला येऊन चित्रं दाखवतात. कप दाखवला. अप्पा म्हणाले, 'वाढव.' छत्री दाखवली. 'वाढव.' बाईंनी खूश होऊन कागदावर काहीतरी लिहिलं. मी विचारलं, काय लिहिलंत? म्हणाल्या, 'रुग्ण उमेदीत आहे. त्यांना प्रगती हवी आहे.' मी त्यांना अप्पांच्या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ सांगितला. त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, 'पण छत्री कशी बंद करणार? चित्रात ती मिटलेलीच आहे.' 

मग मी स्वतः बसले. दुपारी, खिडकीशी त्यांची खुर्ची असते तिथे, शेजारी स्टूल घेऊन. घाईगडबड नको, त्यांना दडपण यायला नको, म्हणून अगदी शांतपणे. विचारलं, 'अप्पा, दुकान वाढवायचं म्हणजे कुलूप लावायचं ना?' ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, 'हो.' माझे डोळे भरून आले. पण मला राहवलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, 'का भिंत पाडून मोठं करायचं?' म्हणाले, 'हो.'

दुसऱ्या दिवशी क्रम उलटा केला. आधी भिंत, मग कुलूप. दोन्हीला 'हो'. तिसऱ्या प्रश्नाला, काहीच करायचं नाही का, यालाही 'हो'. आणि मग माझ्या मनगटाला डावा हात लावून, काकुळतीने, 'वाढव. अगं, वाढव.'

हे मी तुझ्यापासून लपवू शकले असते. पहिल्या दिवशीचं पहिलं 'हो' तेवढं लिहून पाठवलं असतं, तर ते खोटंही ठरलं नसतं. तसं पत्र मी लिहिलंही होतं. ते फाडून हे लिहितेय. चांगुलपणा म्हणून नाही. मला भीती वाटली, की एकदा ते पाकिटात गेलं की मलाच ते खरं वाटायला लागेल.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हा शब्द ते मास्तरांना कधी म्हणत नाहीत. मास्तर संध्याकाळी येतात, खुर्चीसमोर बसकण मारतात, 'काय शेठ, आज किती जणांना उल्लू बनवलंत?' असं घर दणाणून टाकतात, आणि अप्पा खुदकन हसतात. मास्तरांकडे काही मागत नाहीत. मागतात ते आपणा पोरांकडेच. आणि आपल्याला ते कळत नाही.

ताई

१४ मार्च

धाकट्या,

तू मापं घ्यायला माणूस पाठवलास. मला न विचारता. मला राग येईल हे तुला माहीत होतं, म्हणून तू आधी कळवलं नाहीस, आणि मला राग आला. पण आज मी रागाबद्दल लिहीत नाहीये.

सकाळी मी अप्पांना चाकाच्या खुर्चीतून दुकानात आणलं होतं. त्यांना गल्ल्यामागे बसवलं. दोन बायका मीठ आणि पिना घेऊन गेल्या. मग हा माणूस आला, कानावर पेन्सिल खोचलेली, कमरेला टेप. 'साहेबांनी पाठवलंय,' म्हणाला. साहेब म्हणजे तू, हे कळायला मला क्षणभर लागलं. तो भिंतीला टेप लावायला लागला. पलीकडे मास्तरांची मशीन थांबली. अप्पा त्याच्याकडे बघून म्हणाले, 'वाढव.'

'हो काका, वाढवतोच आहोत,' तो हसून म्हणाला. 'दुप्पट होईल.'

अप्पांचा चेहरा पडला. ते पुन्हा म्हणाले, जोरात.

तेवढ्यात त्या माणसाचा फोन वाजला. तुझाच होता. तो एका कानात बोट घालून दारापर्यंत गेला, परत आला, वैतागला, आणि ओरडला, 'साहेब, वाढवा जरा! अहो, आवाज वाढवा! काही ऐकू येत नाहीये!'

धाकट्या, तोच सूर होता. डोळे बारीक करून, मान पुढे काढून, अगदी तसंच. मी हातातला पुडा खाली ठेवला.

तो माणूस गेल्यावर मी शटर अर्धं खाली घेतलं आणि अप्पांच्या शेजारी उभी राहिले. नेहमीसारखं हळू विचारलं, 'अप्पा, चहा हवा?'

'हो.'

'अप्पा, दगड हवा?'

'हो.'

मग त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन, मास्तरांच्या पट्टीत, 'अप्पा, दगड हवा का?'

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू पोरीचं डोकं फिरलंय. आणि मान हलवली. आडवी.

दुपारी अप्पांना घेऊन कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणाले, याचा झटक्याशी संबंध नाही, हे बरंच जुनं आहे, दोन्ही कान गेलेत, उजवा जास्त. इतकी वर्षं ओठांकडे बघून चालवून नेत असतील. मग मला एकेक आठवायला लागलं. साबण मागितला तर साखर काढून द्यायचे आणि वर गिऱ्हाइकावर डाफरायचे, 'नीट सांगा ना.' लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला गुर्मी आलीय. मीही म्हणायचे, अप्पा हल्ली कुणाचं ऐकत नाहीत. हे वाक्य आपण दोघांनी किती वेळा म्हटलंय. आपलं सगळं गिऱ्हाईक तुमच्या मोठ्या दुकानाने नेलं असं मी समजत होते. थोडं तिथे नुसतं वस्तूला हात लावून घेता येतं म्हणून गेलं असेल. सांगावं लागत नाही.

तुझं रडणं मला दिसतंय. तू फोनवर हळू, गहिवरून बोलत असशील. ते म्हणत होते, मोठ्याने बोल. तू काय म्हणालास त्यातलं त्यांना काहीच कळलेलं नाही. आणि माझ्या कुलुपालाही त्यांनी होकार दिलेला नाही. आपल्याला दोघांनाही त्यांनी काहीही सांगितलेलं नाही.

मी भाषा विषय घेऊन पदवी घेतलेली बाई. एका शब्दाचे दोन अर्थ मला येत होते. म्हणून तिसऱ्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

ताई

१९ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र आलं. 'मग आता नीट विचार,' एवढंच लिहिलंयस, आणि खाली, की ऑफिसात तुला रोज विचारतायत. कानाचं यंत्र यायला वेळ आहे. मार्चअखेरला नाही. म्हणून आज दुपारी विचारलं.

हे असं बोलणं हळू बोलण्यासाठी असतं, रे. दार लोटून, हात हातात घेऊन. मला ते ओरडून बोलावं लागलं. दुकानातच बोलले, कारण घरात बोलले असते तर वरच्या मजल्यांना ऐकू गेलं असतं, आणि इथे निदान रस्ता आहे, रस्ता कुणाचा नसतो. मी ओरडले, 'अप्पा, दुकान चालत नाही!' पलीकडची मशीन थांबली. रस्त्यावरून जाणारी एक बाई थबकली आणि मग आपण ऐकलंच नाही अशा चालीने पुढे गेली. मी ओरडले, 'गिऱ्हाईक येत नाही! धाकटा म्हणतो, भिंत पाडून मोठं करू! मास्तरांना उठावं लागेल! पाटी त्याच्या कंपनीची लागेल! मला वाटतं, वाढवावं! कुलूप लावावं! तुम्हाला काय वाटतं?'

इतकं सगळं एका दमात. घसा खरवडून निघाला. आयुष्यात मी अप्पांशी इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. भांडतानाही नाही.

त्यांनी सगळं ऐकलं. ऐकताना त्यांचे ओठ माझ्या शब्दांबरोबर हलत होते. मग ते कपाटांकडे बघायला लागले, वरपासून खालपर्यंत, कडेला ओढलेल्या ओळींवरून. मला वाटलं रडतील. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. त्यांचं तोंड बराच वेळ जुळवाजुळव करत होतं. आणि मग बाहेर आलं ते एक नवीन अक्षर, मग दुसरं.

'कंटा.'

'काय?'

'कंटाळा,' अप्पा म्हणाले. आणि डावा हात उचलून सगळ्या दुकानावरून असा फिरवला, टेबल पुसल्यासारखा. 'कंटाळा. आला.'

भिंतीपलीकडून मास्तर ओरडले, 'ताई, काय म्हणाले शेठ?'

'कंटाळा आला म्हणाले.'

पलीकडे कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. मग, 'बरोबर आहे. मलाही आलाय. पण मला कुणी विचारत नाही.' आणि मशीन सुरू झाली.

मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून राहिले. हे दुकान म्हणजे अप्पांचा जीव, असं आपण धरून चाललो होतो. त्याच्यावरून ते तुझ्याशी बोलेनासे झाले, त्याच्यासाठी मी माझी ग्रंथालयातली नोकरी सोडून इथे उभी राहिले. आणि ते, कुणास ठाऊक कधीपासून, कंटाळले होते. किंवा माझ्या ओरडण्याला कंटाळले असतील. किंवा त्या खुर्चीला. किंवा एकूणच. विचारता आलं असतं. मी पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं असतं तर ते मला हवं ते मिळेपर्यंत विचारणं झालं असतं, आणि तो शब्द आधीच मला हवा तसा निघाला होता, हेच मला खुपत होतं.

म्हणून असं कर. अप्पांनी होकार दिला किंवा नकार दिला, यातलं काहीही ऑफिसात सांगू नकोस. बहीण नाही म्हणाली, असं सांग. जागेच्या कागदांवर त्यांच्या जागी आता मी सही करते, ती मी करणार नाही. भिंत राहील. मास्तर राहतील. दुकान या महिन्याबरोबर मी बंद करतेय. हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, म्हणजे पुन्हा घोळ नको.

तुझं यात काय जाईल ते मला कळतं. पहिली जागा बुडाली, दुसरी बहिणीने दिली नाही. नोकरी जाईल का? तू ते लिहिलं नाहीस, तू कधीच पूर्ण लिहीत नाहीस. पण मला ते सगळ्या पत्रभर दिसतं. मी हे तुझ्या भल्यासाठी करतेय असं म्हणणार नाही. तुमची ती छोटी दुकानंही चार-पाच वर्षांत दुसऱ्या कशाने तरी खाल्ली जातील असं मला वाटतं, पण ते माझं भविष्य सांगणं झालं, कारण नव्हे. कारण एवढंच, की मला ते करायचं नाही. चाळिशी उलटल्यावर एवढं वाक्य स्वतःच्या नावावर लिहायला मला पाच पत्रं लागली.

सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. दुपारी एक म्हातारे गृहस्थ बल्ब घ्यायला आले. मी दिला, आणि सवयीने उरलेले दोन बल्ब कडेला ओढले, मागची पोकळी झाकायला. मग लक्षात आलं आणि तसेच राहू दिले.

तू मला रागाने लिही, पण लिही. अप्पांना फोन करायचा असेल तर यंत्र आल्यावर कर, आणि त्यांना योजना सांगू नकोस. काय जेवलास ते सांग.

तुझी,
ताई

(कागदाच्या पाठीमागे, माझ्यासाठी) उद्या: ब्रेडवाल्याला सांगणे, एक तारखेपासून येऊ नको.